बोंगछीच्या नावाचा कौल

एके काळी आमच्या कालवांच्या गावात "बोंगछी" अशी हाक मारली, की निम्म्या बायका सुऱ्या खाली ठेवून वळून बघायच्या. नावाचा अर्थ, 'आली आहे तर पोसू झालं'. मुलगा हवा असलेल्या घरात मुलगी झाली की बाप उसासा टाकायचा, आणि तोच उसासा तिला नाव म्हणून चिकटवून द्यायचा. पुढे शाळा आल्या, टीव्ही आला, नाव बदलायची सोय झाली आणि एकेक बोंगछी शूफेन नाहीतर मेइह्वा होऊन गेली. उरली ती माझ्या शेजारी बसून कालवं फोडणारी एकटी.

तिचा नवरा समुद्रानं नेला. मुलं तिनं त्याच सुरीवर वाढवली. तिच्याइतका चपळ हात गावात दुसरा नाही, हे मी सांगते आहे, आणि मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तिची इच्छा एकच, समुद्राची देवी माझूआई, तिची देवळातली मूर्ती वर्षभर आपल्या घरी राहावी. हा मान कुणाला द्यायचा ते देवीच कौलानं ठरवते; ज्याला सलग होकार सगळ्यांत जास्त, त्याच्या घरी ती जाते. पूर्वी कौलाला पुरुषांचीच नावं पुकारत. बायकांची आत्ता कुठे पुकारू लागले होते.

नेमकं त्याच वर्षी नातीचं लग्न ठरलं आणि थोरला बुनह्योंग आईच्या मागे लागला.

"आई, मान मिळाला तर नावाचा लाल कंदील वर्षभर दारावर राहणार. त्यावर हे नाव? व्याही हसतील."

"हसू देत. दात कसे आहेत ते तरी कळेल."

कौलाच्या दिवशी देवळाच्या अंगणात कौल लावणाऱ्या किमसुई काकांनी पुकारलं, "शूफेन." कुणीच उठेना. बुनह्योंगनं आईला हळूच ढोसलं.

"तुझंच आहे ते. मी सांगितलंय काकांना."

तिला उमगेपर्यंत काकांनी कौल टाकलासुद्धा. दोन्ही लाकडी चंद्रकोरी उताण्या पडल्या. म्हणजे देवी नुसती हसली, होकार नाही.

"गेली गं तुझी पाळी," काका म्हणाले.

बोंगछी तरातरा पुढे गेली. "कोण ही शूफेन? माझूआई ओळखते तरी का तिला? मी अजून कौल मागितलाच कुठे?"

"अगं, पण तुझ्या मुलानंच..."

"मुलाचं नाव मी ठेवलं. माझं ठेवणारा तो कोण?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही कालवंवाल्या सगळ्या उठून उभ्या होतो. त्यांनी मुकाट्यानं कौल तिच्या हातात दिला.

तिनं गुडघे टेकले. "माझूआई, मी बोंगछी. धक्क्यामागच्या गल्लीतली. रोज पहाटे उदबत्ती लावते, ती. येशील माझ्याकडे?"

एक चंद्रकोर उताणी, एक पालथी. होकार. पुन्हा टाकला, पुन्हा होकार. मग येतच राहिले. त्या दिवशी तिच्याइतके सलग होकार कुणालाच मिळाले नाहीत. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतका अभिमान मला स्वतःच्या लेकरांचाही कधी वाटला नव्हता.

कंदील बुनह्योंगनंच शिडीवर चढून टांगला. त्यावर 'बोंगछी' हेच नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. व्याही आले, त्याच्याखाली थांबून त्यांनी हात जोडले आणि मग आत आले.

बोंगछी देव्हाऱ्यापुढे वाफाळता भात मांडत होती.

"आली आहेस ना," ती माझूआईला म्हणाली, "मग पोसते हो तुला."