अर्ध्यावर राहिलेला रंग

विणकरांच्या गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ गल्लीचे पुढारी. बाहेरच्या खोलीत त्यांची माणसं बसलेली असत आणि आत वहिनी एक तर चहा उकळत असे, नाही तर धुणं धूत असे. धुण्याचा तिला अगदी वीट आला होता. गल्लीत रंगवलेल्या सुताचा रंग कच्चा. एक निळा सदरा चुकून बादलीत पडला, की घरादाराचे बनियन आभाळाच्या रंगाचे. भाऊ सभेत सांगत, हा आपला रंग, आपल्या हातचा, कुणाच्या दारात जायला नको. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन आपापले सदरे वेगळे भिजत घालत.

तो कच्चा रंग गल्लीला दिला होता वहिनीनेच. पूर्वी विणकरांच्या मुली दोन हिवाळे ओढ्यापलीकडे, रंगाऱ्यांच्या अंगणात काढत. पहिल्यात रंग चढवायला शिकायचं, दुसऱ्यात तो पक्का करायला. रंगाऱ्यांच्या मुलीही अशाच इकडे येऊन मागावर बसत. वहिनीचा पहिला हिवाळा संपला आणि ओढ्यावर कुणी वरच्या अंगाला धुवायचं, कुणी खालच्या, यावरून चार बायकांची जुंपली. संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. पण इकडे भाऊंच्या वडिलांनी ते भांडण उचललं, तिकडे त्यांच्या पुढाऱ्याने, आणि एकदा पुढाऱ्यांनी उचललेलं भांडण खाली ठेवणार कोण? मुलींचं जाणं-येणं बंद झालं. पुढे वहिनी सून म्हणून याच घरात आली. सासऱ्यांनी तिच्यापुढे रंगाचा हंडा मांडला आणि फर्मावलं, आता तू सगळ्यांना शिकव. येत होतं तेवढं तिने शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिने नातीला गुपचूप पलीकडे पाठवलं होतं, आपल्या लहानपणीच्या मैत्रिणीकडे, रंगारणीकडे. घरात सांगितलं, पोर शिवण शिकते. भाऊंनी नातीच्या रंगलेल्या हातांकडे कधी पाहिलंच नाही. आता दुसरा हिवाळा लागत होता. रंगारीण थकली होती, तिचे हात कापायला लागले होते. यंदा राहिलं तर राहिलंच.

आणि नेमका याच आठवड्यात रंगाऱ्यांचा पुढारी घरी आला. व्यासपीठावर भाऊंचा हाडवैरी, पण घरात पाय वर घेऊन ऐसपैस बसला. दोघांचं दुःख एकच होतं. पोरं चोरून इकडेतिकडे जायला लागली होती. असंच चाललं तर आपल्या सभेला येणार कोण, असं तो म्हणाला. दोघांनी एकाच दिवशी बंदी जाहीर करायची, असं ठरलं. जाताना त्याने चहाची तारीफही केली.

सभेच्या दिवशी भाऊ सदऱ्याची बटणं लावत होते. वहिनी दारात उभी राहिली.

"नातीचा दुसरा हिवाळा राहिलाय," ती म्हणाली.

"कसला हिवाळा?"

"रंगाचा. मीच पाठवते तिला."

भाऊ चिडले नाहीत. खाटेवर बसले. तेही दमलेच होते. "अगं, आज मी बंदी सांगणार, आणि माझ्याच घरातली पोर तिकडे? लोक काय म्हणतील?"

"सांगा, बायको ऐकत नाही. त्यांच्याही घरी तसंच आहे, समजून घेतील."

"ती जाणार नाही," भाऊ म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत भरलेल्या सभेत जाऊन बसले.

आतून वहिनीला सगळं ऐकू येत होतं. बंदी जाहीर झाली, माना डोलल्या. तिने शेजारच्या सुनेला चहा गाळायला सांगितलं, शाल घेतली आणि नातीचा हात धरला. घराला मागचं दार नव्हतं. जायचं तर सभेतूनच जायला हवं होतं. माणसांनी पाय आवरून वाट करून दिली. एकजण सवयीने विचारून बसला, "वहिनी, कुठे निघालात?"

"पलीकडे," ती म्हणाली.

भाऊंनी घसा साफ केला आणि पाण्याचा पेला उचलला. त्यांनीच अडवलं नाही म्हटल्यावर इतर कोण अडवणार?

ओढ्यावरच्या फळीवरून उतरताना तिचे गुडघे करकरले. आजी, परत जायचं का, असं नातीने दोनदा विचारलं. वहिनी चालत राहिली. बोलायला दम उरला नव्हता.

रंगारीण अंगणात सुताची लडी पिळत होती. दोघींना पाहून तिने लडी खाली ठेवली.

"आमच्याकडे आज सकाळीच बंदी झाली, बाई."

"ठाऊक आहे. त्या बैठकीचा चहा मीच केला होता."

रंगारणीने फाटकाबाहेर पाहिलं, मग मुलीच्या हातांकडे. पुढाऱ्याचं घर दोन भिंती सोडून होतं.

"पोरीला आत पाठव," ती शेवटी म्हणाली. "तू फाटकाशी बस. कुणी आलं तर खोक."

वहिनीने भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. आतून हंड्याचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग रंगारणीचा हळू आवाज, आता नीट बघ. वहिनीलाही ऐकायचं होतं. पण ऊन पायांवर आलं होतं आणि सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती. तिची मान हळूहळू छातीवर आली आणि ती झोपून गेली.