जर्मन रेडिओवरची तीस गाणी

नव्वदीच्या सुरुवातीला शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या ओतकामाच्या फौंड्रीनं जर्मनीचं एक साचे दाबायचं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला मला सहा महिने तिकडं पाठवलं. आमच्या घरातलं तोवर कुणी बेळगावच्या पुढं गेलं नव्हतं. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, भांड्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी सांगितली.

तिकडं मला भाषा आली नाही. कारखान्यात खुणांवर आणि मोडक्या इंग्रजीवर भागायचं. खोलीवर आलो की मी आणि रेडिओ. त्या देशात सगळ्यात जास्त खपलेल्या तीस गाण्यांचा कार्यक्रम दर आठवड्याला लागायचा. निवेदक तिसाव्या नंबरापासून सुरू करून एक नंबरावर थांबायचा. निम्मी गाणी इंग्रजी, निम्मी जर्मन. बहुतेकांना यंत्रासारखा धाडधाड ताल, मध्येच एखादं रडकं गाणं. मी ती निवेदकाच्या बडबडीसकट कॅसेटवर उतरवून घेतली. आवडली म्हणून नव्हे. परत गेल्यावर दाखवायला काहीतरी पाहिजे म्हणून.

परत आल्यावर मित्रांनी दोन गाणी ऐकली आणि बंद कर म्हणाले. अर्थ विचारला तर मी ठोकून द्यायचो. धाकट्या बहिणीलाही तसंच सांगितलं. ती तेव्हा बी.कॉम.ला होती. एक रडकं गाणं लढाईत मेलेल्या सैनिकाचं आहे, असं मी म्हणालो आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

महिन्याभरानं एका दुपारी ती वही घेऊन माझ्याशेजारी बसली. रद्दीवाल्याकडून तिनं खिशात मावणारा एक जर्मन-इंग्रजी शब्दकोश आणला होता.

"अण्णा, ह्यात सैनिक कुठंच न्हाय," ती हळू म्हणाली. "पोरगी फोन उचलत न्हाय, एवढंच हाय."

घरात कुणाला ती हे बोलली नाही. अप्पा पाहुण्यांसमोर "आमच्या पोराला जर्मन येतं" म्हणायचे, तेव्हाही ती गप्प राहायची. ते गप्प राहणंच मला जास्त टोचायचं.

कॉलेजातून आली की टेप लावायची. एकेक ओळ दहादा मागं घेऊन ऐकायची. आकडे तिला त्या नंबरांच्या उतरंडीतून आले, तेही तिसापासून खाली. एकदा स्वयंपाकघरात अव्वाला, म्हणजे आईला, सांगत होती की जर्मन लोक मराठीसारखंच मोजतात, एकवीसमध्ये आधी एक, मग वीस. आमची अव्वा गडहिंग्लजची, हिशेब कन्नडमध्ये करणारी. ती म्हणाली, आमच्यात आधी वीस, मग एक. दोघी हसत होत्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो.

पुढच्या वर्षी यंत्र आलं आणि ते बसवायला दोन जर्मन आले. त्यातला म्हातारा इंजिनिअर इंग्रजी जवळजवळ बोलतच नव्हता. धाकट्याला मोडकं इंग्रजी यायचं, पण मला जर्मन येतं असं सगळे समजत होते, म्हणून दुभाषी मीच. वाळूचा साचा किती सेकंद दाबायचा ते त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं तसं लिहिलं, आधी पाच, मग दोन. बावन्न. साचे एकामागून एक फुटत गेले. दोन दिवस दोष कुठं आहे ते कुणाला कळेना.

त्या रविवारी मालकांनी दोघांना आमच्याकडं जेवायला पाठवलं. बहीण वाढायला आली आणि म्हाताऱ्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. त्याचा घास हातातच राहिला. मग तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. ती रेडिओच्या निवेदकासारखी बोलते, असं त्यानं धाकट्या जोडीदाराला सांगितलं आणि त्यानं ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं. जेवण होईपर्यंत ती आणि म्हातारा, दोघंच बोलत होते. उठताना बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "तो म्हातारा पंचवीस सेकंद म्हणतोय, अण्णा. तू उलटं लिहिलंयस."

सोमवारी मी गुपचूप आकडा बदलला. साचे फुटायचे थांबले. पण जेवणाची हकिकत मालकांपर्यंत गेली होती. त्यांनी तिला बोलावून घेतलं. नऊ दिवस ती माझ्या स्कूटरवर मागं बसून फौंड्रीत आली. धुरात, वाळूत उभी राहून फोरमनला मराठीत आणि म्हाताऱ्याला जर्मनमध्ये सांगायची. मी नट आवळायचे पाने हातात घेऊन शेजारी उभा असायचो. कामगार मला काही विचारायला येत आणि माझ्याकडं न बघता तिला विचारून जात.

जर्मन गेल्यावर मालक घरी आले. पत्रव्यवहार आणि सुटे भाग हे सगळं तिच्याकडं द्यायचं, पुण्याला पाठवून भाषेची परीक्षा द्यायला लावायची, असं त्यांचं म्हणणं होतं. अप्पांनी नकार दिला नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तू तिथं असतोस. तू सांग."

मी म्हणालो, "तिथं बायकांची सोय नाही."

मालक दोन दिवसांत करू म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, कामगारांची भाषाही बरी नाही. अप्पांनी मालकांकडं बघून नकाराची मान हलवली. विषय तेवढ्यावर संपला. वर्षाच्या आत आजऱ्याच्या एका काजूवाल्या घरात तिचं लग्न झालं. कॅसेट न्यायच्या का असं मी विचारलं, तर म्हणाली, ठेव. पुढं माझ्या बायकोनं त्यांच्यावर भजनं भरली. मीच तिला कॅसेट काढून दिल्या.

दहाएक वर्षांनी फौंड्रीनं दुसरं यंत्र घेतलं. या वेळी पुण्याहून दुभाषी मुलगी आली. ती यायच्या आधी आठ दिवसांत ऑफिसमागं बायकांसाठी बाथरूम बांधून झालं. गवंड्यावर देखरेख करायचं काम माझ्याकडं होतं.

त्यानंतर बहिणीच्या दिराच्या मुलीच्या बारशाला आजऱ्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर बहीण शेडमध्ये काजूची प्रतवारी बघत होती. काजूच्या टरफलाच्या तेलानं तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. मी तिला ते बाथरूम, ती पुण्याची मुलगी, सगळं सांगितलं. चूक झाली असंही म्हणालो. माझी कल्पना अशी, की ती रडेल, मग मीही रडेन आणि एकदाचं सुटेल.

ती प्रतवारी करतच राहिली.

"मालक आलेले त्या दिवशी मी दाराआड उभी होते," ती म्हणाली. "अप्पा काय म्हणणार ते मला म्हाईत होतं. तू काय बोलतोस तेवढंच ऐकायचं होतं."

मी म्हणालो, तेव्हा माझं वय तरी काय होतं. ती म्हणाली, "माझ्यापेक्षा सहा वर्षांनी जास्त."

तेवढ्यात सासऱ्यांनी वजनाला हाक मारली आणि ती हात पुसत गेली. मी शेडमध्ये थोडा वेळ उभा राहिलो. कामावरच्या बायका माझ्याकडं बघत होत्या, म्हणून बाहेर आलो. परतीची एसटी साडेचारला होती. बहीण मला सोडायला येईल असं वाटलं होतं. तिच्या नवऱ्यानं सोडलं.