पिवळीचं खरं नाव

"बघा, ही काय शोधतेय! पिवळीने हात का जळतात!"

चहाच्या सुट्टीत सुपरवायझरने माझ्या हातातला फोन ओढला आणि पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवला. खाली उत्तरं काय आली होती? हळदीचा लेप. नवरीची हळद.

"परत लग्न ठरलं काय गं?" त्याने विचारलं.

बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

फोन दोन बोटांत धरून त्याने परत दिला. म्हणाला, "घरी साबण लाव. तुम्हा लोकांना हात धुवायची सवयच नाय."

मी मोरिवलीची. अंबरनाथच्या या केमिकल कंपनीत पाच वर्षं पावडरच्या पिशव्या भरते. बोटांची सालं निघतात. भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं. पहिल्या दिवशी यानेच सांगितलं होतं, "ही पिवळी, ती पांढरी. बास." आम्ही तेच नाव धरून बसलो. फोनलाही तेच विचारलं. त्या बिचाऱ्याला पिवळी म्हणजे हळदच माहीत.

दुसऱ्या दिवसापासून फोन गेटवर जमा. तेव्हा मला संशय आला. नुसती हळद शोधणाऱ्या बाईला एवढं काय घाबरायचं? मग आणखी एक दिसलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ड्रमवरचा नावाचा कागद खरवडलेला असतो. पाच वर्षं डोळ्यांसमोर होतं, पण आम्ही बघितलंच नव्हतं.

मग एकदा एका ड्रमवरचा कागद खरवडायचा राहिला. जेवणाच्या डब्याच्या फडक्यावर पेनाने एकेक इंग्रजी अक्षर उतरवलं. सातवीपर्यंत शिकलेली मी. घरी येऊन टाइप केलं तर अक्षरं चुकली. फोनने विचारलं, तुम्हाला असं म्हणायचं आहे का? मला काय म्हणायचंय, हे पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी बोट दाबलं. मराठी करून वाचलं. कातडीला लागू देऊ नका. हातमोज्यांशिवाय हाताळू नका.

त्या रात्री मी रडले नाही. संताप आला.

सकाळी सुपरवायझर ओरडला, "चल, पिवळी भर."

"साहेब, पिवळी नाय." मी पाठ केलेलं पूर्ण नाव घेतलं. अडखळले, पुन्हा घेतलं. "हातमोजे द्या. मगच भरीन."

त्याचा चेहरा उतरला. हे काय असतं, असं त्याने विचारलं नाही. विचारलं, "कोणी शिकवलं तुला?"

म्हणजे त्याला माहीत होतं.

शेजारच्या बाईने हातातलं फावडं खाली ठेवलं. आता जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांकडून ते नाव घोकून घेते. फोनवरही माझा आंधळा विश्वास नाही. जो शब्द द्याल, त्याचंच तो उत्तर देतो. म्हणून शब्द मला कुणी दिला, ते आधी बघते. हातमोजे येईस्तोवर त्या ड्रमला मी हात लावणार नाही. काढायचं तर काढा कामावरून. गेटवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला ते नाव शिकवीन.