खैरूसाठी घेतलेली शपथ

आमच्या चाळीत एक राजकन्या राहत होती, असं आज सांगितलं तर माझी सूनसुद्धा तोंडाला पदर लावून हसते. हसू दे. मलाही तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, बाई, तुला ऊन लागलंय, आत ये आणि पाणी पी.

बासष्ट साली मी लग्न होऊन चिंचवडला आले. आमचे हे, उद्धवराव, कंपनीत लेथवर होते आणि सासूबाई रुक्मिणीबाई आमच्याजवळ राहत. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांच्या भिंती चढत होत्या आणि दुसऱ्या अंगाला अजून ज्वारी डोलत होती. आमच्या भिंतीला भिंत लागून बरकतभाईंचं बिऱ्हाड होतं. बरकतभाई मेकॅनिक, मुंबई रस्त्यावर त्यांचं छोटं गॅरेज. घरात बायको बिल्किसबी, मुलगा इकबाल आणि मुलगी खैरुन्निसा. इकबाल आणि खैरू एकाच वयाची, तेव्हा सोळाच्या आसपास. जुळी असतील असं धरून आम्ही चाललो. उगाच कोण विचारतंय?

खैरूचं तोंड म्हणजे कंपनीचा दुसरा भोंगा. नळावर कुणी रांग मोडली की हिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायची. सासूबाईंच्या चुलीपुढे बसून भाकरी थापायला शिकली, आणि पहिली भाकरी करपली तेव्हा तव्यालाच शिव्या देत बसली. पुढे ती औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळची शिफ्ट संपवून डबा हलवत यायची, पायाला भेगा, कपाळाला घाम, आणि हसू मात्र कानापर्यंत.

बिल्किसबी अगदी उलट. आवाज असा की भांड्याला भांडं लागल्याइतकाही नाही. आमचे हे दारात आले की तिची ओढणी कपाळावरून सरळ हनुवटीपर्यंत उतरायची. "वहिनी, जरा साखर आहे का?" असं ह्यांनी विचारलं की पडद्याआडून वाटी तेवढी बाहेर यायची. वर्षानुवर्षांचा शेजार, पण ह्यांनी तिचा चेहरा कधी पाहिला नाही. घरात तिचं डोकं उघडं असायचं ते बरकतभाई आणि इकबाल यांच्यापुढे, बस्स.

मी एकदा चिडवलं, "काय गं, आमच्या ह्यांना घाबरतेस होय?"

ती हसली. "घाबरायचं काय त्यात? नवरा, आणि ज्याच्याशी निकाह होऊच शकत नाही असा माणूस, म्हणजे बाप, भाऊ, मुलगा. त्यांच्यापुढे पडदा नाही. बाकी सगळ्या दुनियेपुढे आहे. ते आता अंगातच मुरलंय. झोपेतून उठवलं तरी हात आधी ओढणीला जातो."

हे तिचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

सहासष्टच्या उन्हाळ्यात बरकतभाईंच्या गॅरेजसमोर एक जुनी, लांबलचक मोटार वाफ सोडत थांबली. आत एक म्हातारी बेगम, तिचा नातू आणि पांढऱ्या दाढीचे कारभारी होते. मुंबईला निघालेली माणसं. त्या मोटारीच्या बॉनेटची एक खोड होती. डाव्या कडेला मुठीचा ठोसा देऊन तिरकं उचलल्याशिवाय ते उघडायचं नाही. ड्रायव्हर सांगायला पुढे येईपर्यंत बरकतभाईंनी सवयीने ठोसा दिला आणि बॉनेट उचललंसुद्धा. हात लावल्यावर त्यांना उमगलं, की ही तीच गाडी. कारभाऱ्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा पुसला, बरकतभाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बरकत? तू जिवंत आहेस?"

तासाभरात ती बेगम आमच्या चाळीत, बिल्किसबीच्या खोलीत, आमच्याच घरून नेलेल्या खुर्चीवर बसली होती. नातू मोटारीतच राहिला. दारात सगळी चाळ गोळा झाली. मी आणि सासूबाई तर आतच होतो, खुर्ची आमची होती ना!

तिथे जे ऐकलं ते असं. बरकतभाई एका संस्थानात नवाबाचे ड्रायव्हर होते आणि बिल्किसबी महालात दाई, तान्ह्या पोरांना दूध पाजणारी. संस्थानाचं नाव मी सांगणार नाही, आता ते काढून कुणाचं भलं व्हायचंय? नवाबाच्या धाकट्या बेगमेवर महालात काहीतरी खोटा आळ आला, आणि शेहेचाळीस साली तिला तान्ह्या लेकीसकट संस्थानाच्या हद्दीबाहेर काढलं गेलं. परत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता. तिच्याबरोबर बाहेर पडले ते हे दोघं, आपला तान्हा इकबाल घेऊन. धाकटी बेगम देहूरोडला तापाने गेली. जाताना लेक बिल्किसबीच्या ओटीत घातली. ती लेक म्हणजे खैरू. आमची खैरू! जिच्याशी मी कालच नळावर भांडले होते!

"नवाब गेला," म्हातारी बेगम म्हणाली. ती उर्दूत बोलत होती, पण कळायला अवघड नव्हतं. ती नवाबाची आई. "संस्थानही गेलं. माझ्या मुलाचं रक्त म्हणून एवढीच पोर उरली आहे. माझ्या दुसऱ्या मुलाचा मुनव्वर खाली मोटारीत बसलाय. त्याच्याशी तिचा निकाह लावून मी तिला घरी नेणार."

"आणि तिला घराबाहेर कुणी काढलं होतं?" बरकतभाईंनी विचारलं.

म्हातारी बोटातली अंगठी फिरवू लागली. आळ कुणी घेतला होता ते तेवढ्यावरूनच आम्हाला कळलं.

नेमकी त्याच वेळी खैरू शिफ्टवरून आली. दारात गर्दी बघून ओरडली, "काय झालं? अम्माला काय झालं?" हातात डबा, अंगाला औषधांचा वास. बेगम तिच्याकडे बघतच राहिली. आपली नात मजुरी करते हे बघून तिला धक्का बसला, आणि आपल्याला आजी आहे हे ऐकून खैरूला. सगळं सांगून झाल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग ती बिल्किसबीजवळ जाऊन तिला गच्च चिकटली आणि म्हणाली, "मला नाही जायचं. अम्मा, मला पाठवू नकोस."

कारभारी शांतपणे बोलले. मुलीवर हक्क बापाच्या घराचा. आणि तो मानला नाही, तर दुसऱ्याची मुलगी पळवून आणली म्हणून पोलिसांत जायला किती वेळ लागतो? बरकतभाईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांच्याजवळ ना कागद ना साक्षीदार.

आणि मग आमच्या सासूबाई बोलल्या. त्यांना गप्प बसणं कधी जमलंच नाही.

"आवं, मंग त्यात काय अडलंय?" त्या म्हणाल्या. "खैरू ह्यांची पोटची न्हाई, इकबालची सख्खी भन न्हाई. द्या की दोघांचं लगीन लावून! पोरगी हितंच ऱ्हाईल, कुनाचा हक्क न्हाई आन् काय न्हाई."

कोपऱ्यात उभ्या इकबालने दोन्ही कानांना हात लावले. बरकतभाईंनी तोंड फिरवलं. खैरू तर रडायची थांबून सासूबाईंकडे बघत राहिली, ह्यांना वेड लागलं की काय असं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय चुकलं ते कळेना, पण काहीतरी भयंकर बोललं गेलंय एवढं कळलं.

"तोबा!" म्हातारी बेगम कडाडली. "दोघांना हिनेच पाजलंय, आणि एका बाईचं दूध प्यालेली मुलं भाऊ-बहीण असतात. सख्ख्यासारखी. त्यांचा निकाह हराम. कुणीही लावू शकत नाही, काझीसुद्धा नाही."

"आसं व्हय," सासूबाई पुटपुटल्या आणि पहिल्यांदाच खाली बसल्या.

बिल्किसबीने तेव्हा मान वर केली. कारभारी समोर असल्यामुळे तिचा चेहरा ओढणीत होता, मला फक्त तिचे हात दिसत होते. ते खैरूच्या पाठीवर होते.

"हुजूर," ती म्हणाली, "मग मुनव्वरमियांशीही होणार नाही. त्यांना मी पाजलंय."

बेगम ताडकन उभी राहिली. "खोटं! त्याची दाई वेगळी होती."

"ती आजारी पडली होती. पोर भुकेने रडत होतं. मी माझ्या छातीशी घेतलं, चांगले काही दिवस. हुजुरांना कुणी सांगितलं नसेल. महालात पोराला कुणी पाजलं, हे कुणी विचारायचं नाही."

बेगम कारभाऱ्यांकडे बघू लागली, कारभारी बेगमेकडे. एवढा मोठा महाल, पण आपल्या नातवाच्या तोंडात कुणाचं दूध गेलं ते दोघांनाही माहीत नव्हतं. ती दुसरी दाई केव्हाच वारली होती, आणि मुनव्वरची आईही.

"अल्लाला हाजिर जाणून सांग," बेगम म्हणाली. "खोटं निघालं तर कयामतच्या दिवशी जळशील."

बिल्किसबीने शपथ घेतली. एका दमात घेतली, कुठे अडखळली नाही. बेगम निघून गेली. म्हातारी कितीही दुष्ट असली तरी देवाधर्माला भिणारी होती, शंकेवर निकाह लावायला तिचं मन धजलं नाही. ती परत कधी आली नाही, आणि पोलिसही आले नाहीत. खैरू त्या दिवशी आमच्याकडेच जेवली. सासूबाईंनी तिला स्वतःच्या हाताने भरवलं.

दुसऱ्या वर्षी ईद झाल्यावर एक दिवस मुनव्वर एकटाच आला. मी बिल्किसबीजवळ कोथिंबीर निवडत बसले होते. उंच, लाजरा मुलगा, हातात खजुराचा पुडा. दारातच म्हणाला, "अम्मी, मी मुनव्वर. माझी आई मला आठवत नाही. म्हटलं, जिने दूध पाजलं तिचा तरी चेहरा बघून यावं."

आणि बिल्किसबीची ओढणी हनुवटीपर्यंत खाली आली.

माझ्या हातातली काडी गळून पडली. मुलापुढे पडदा नाही, हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणजे हा तिचा मुलगा नव्हता! तिने ह्याला कधी पाजलंच नव्हतं! त्या अबोल, पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईने देवाला साक्षी ठेवून खोटं सांगितलं होतं, खैरूसाठी स्वतःची कयामत गहाण टाकली होती. आणि आता तिच्या हातानेच तिचा घात केला होता. तिलाही ते कळलं. ओढणी वर सारायला तिने हात उचलला, पण तो तिथेच अडकला. परक्या पुरुषाला चेहरा दाखवायचा, की पोरीला घालवायचं?

"राहू द्या, अम्मी," मुनव्वर सहज म्हणाला आणि उंबऱ्याशी बसला. "ऊन येतंय डोळ्यांवर. ओढणी असू द्या."

दार उत्तरेला होतं. पण मला वाटलं, भोळा आहे बिचारा, पडद्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नाही. सुटलो एकदाचे. मी कुणापाशी बोलले नाही, ह्यांच्यापाशीसुद्धा नाही.

तो दर ईदला येत राहिला. खैरूच्या लग्नात भाऊ म्हणून उभा राहिला. तिने देहूरोडच्या एका दुकानदाराच्या मुलाशी लग्न केलं, आणि नोकरी सोडली नाही. बरकतभाई गेले तेव्हाही मुनव्वर आला. बिल्किसबी त्याला खीर करून घालायची, तब्येत विचारायची, दुवा द्यायची. सगळं ओढणीआडून.

एक्याऐंशीच्या थंडीत बिल्किसबी गेली. मुनव्वर रात्रभर प्रवास करून आला आणि इकबालच्या बरोबरीने त्याने खांदा दिला. चाळीतले पुरुष दफनाला गेले, हेही गेले. परत आल्यावर अंघोळ करून बसले. मी चहा दिला.

"एक मला कळलं नाही," हे म्हणाले. "त्यांच्यात बाईला कबरीत उतरवायला जवळचेच पुरुष आत उतरतात म्हणे, मुलगा, भाऊ असे. इकबाल उतरला, वहिनींचा गावाहून आलेला भाऊ उतरला. मौलवी मुनव्वरला म्हणाले, तू दुधाचा मुलगा, तुझा हक्क आहे, ये. एवढा लांबून धावत आलेला माणूस, पण पुढे झाला नाही. दोन पावलं मागे सरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही उरका, माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय."

ह्यांनी कप खाली ठेवला.

"अगं, सकाळपासून आभाळ भरलेलं आहे. ऊन कुठलं?"