न उघडलेल्या काड्यापेट्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही – देवापुढे तर मुळीच नाही, का ते कळेलच.

राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. मी बंगळुरातल्या एका प्रयोगशाळेत कामाला होतो. काम काय? लोकांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, जंतांची अंडी दिसली की कागदावर लिहायचं. तो कागद बघून शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर औषध द्यायचे.

एकदा मागडीकडच्या रानातून केतम्मा आली. इरुळिग बाई – रानात मध काढून जगणारी माणसं ती. कडेवर पाच वर्षांची पुट्टी, हातपाय काड्या आणि पोट घागरीएवढं. पदरात अख्ख्या वस्तीचे आठ नमुने, काड्यापेट्यांत भरलेले. "स्वल्प नोडी, अण्णा," म्हणाली. जरा बघा – एवढंच मागितलं. मी "सरी" म्हणालो, म्हणजे बरं.

आणि बघितलंच नाही. आठही पेट्या न उघडता फेकल्या, आठ वेळा लिहिलं – जंत नाहीत. दुसऱ्या दिवशी वडिलांचं श्राद्ध होतं, सोवळं होतं... मग त्याच दुपारी एका हेडक्लार्कचा नमुना मी कसा तपासला? तोही दोनदा? सोवळं कसलं डोंबलाचं – मला त्या माणसांची किळस आली होती.

आठवड्याने ती परत आली. "हुळ इल्ल," मी सांगितलं. जंत नाहीत. तिने हात जोडले, मधाची बाटली पुढे केली. घरी आई म्हणाली, मधाला विटाळ नसतो. आम्ही तो पंचामृतात घातला.

पुढे पुट्टीला दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. आतडं जंतांनी तुंबलेलं. ती गेली. डॉक्टरांनी माझा कागद माझ्यापुढे धरला – तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, "नमुना वाळलेला असणार. या लोकांना साधा नमुना नीट आणता येत नाही."

केतम्मा दारातच उभी होती. डॉक्टर तिच्यावर ओरडले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तप्पायितु, अण्णा." चूक झाली म्हणाली – ती, मला.

बाटलीत अजून मध होता. आम्ही तो संपवला.