आधी सासूबाईंचं बीपी

नवघरच्या प्रसूतिगृहात मी कामाला लागले त्या सकाळी केळुसकर सिस्टर एका सासूबाईंचं बीपी घेत होत्या. गरोदर सून बाकावर बसलेली आणि सासूबाई स्टुलावर, दंडाला पट्टा बांधून, चेहरा अगदी गंभीर करून. मी नुकतीच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शिकून आले होते, त्यामुळे चुका दाखवण्याचा उत्साह भरपूर होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "सिस्टर, पेशंट त्या आहेत." सिस्टरांनी कानातल्या नळ्या न काढता मला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. श्रीमती प्रमिला केळुसकर यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. मीरा रोडला नव्या इमारती उठत होत्या, नळाला पाणी कमी आणि टँकर जास्त दिसत. सिल्व्हर पार्कसारख्या वस्त्यांतून येणाऱ्या मुली गिरगाव-परळ सोडून आलेल्या. त्यांच्याबरोबर बहुधा कुणीच नसे. नवघरातल्या जुन्या घरांतल्या सुनांबरोबर मात्र निम्मं घर येई. सासूबाई थेट पडद्याआड शिरत आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत. भूक लागते का, झोप येते का, अंगावरून जातं का, सगळं सासूबाईंनाच ठाऊक. सून खाली मान घालून पदराशी चाळा करत बसे.

सिस्टरांनी सासूबाईंना कधी बाहेर काढलं नाही. त्या आधी त्यांचाच मान करत. स्टुलावर बसवून बीपी घेत आणि मग सांगत, "जरा जास्त वाटतंय, आता पाच मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही, पुन्हा बघू." तेवढ्या वेळात सून एकटी पडद्याआड जाई. यात फसवणूक नव्हती, कारण दुसऱ्यांदा बीपी खरंच घेतलं जाई आणि काही सासूबाईंना त्यामुळेच वेळेवर औषध सुरू झालं.

पडद्याआडचं बोलणं बाहेर जायचं नाही, हा सिस्टरांचा दंडक होता. लागोपाठच्या बाळंतपणांना कंटाळलेली बाई तिथं रडे आणि तांबी बसवायचं नाव पहिल्यांदा तिथंच काढी. मग तिची संमती घेऊन सिस्टर नवऱ्याला बोलावून घेत. भाषेची त्यांना अडचण वाटत नसे. "देखो भाई, ऑपरेशन तुम्हारा जास्ती सोपा है, घाबरने का नहीं," असं त्यांचं हिंदी ऐकून आम्ही तोंडाला रुमाल लावत असू. नवरे मात्र हसत नसत.

त्यांच्या कामाची खरी ओळख मला सुरेखाच्या वेळी झाली. सुरेखा म्हणजे नवघरच्या हिराबाईंची सून. हिराबाईंचं आयुष्य मिठागरात आणि भातशेतीत गेलेलं, आवाज असा की चौकातून हाक मारली तर आमच्या वॉर्डात ऐकू यावी. सुरेखाचे आधीचे दोन गर्भ पडले होते. या खेपेला नववा लागला आणि हिराबाईंनी डोहाळजेवण काढलं. हिरवी साडी आली, फुलांचे दागिने सांगून झाले, आळीत आमंत्रणं गेली. कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी त्या सुनेला नेहमीच्या तपासणीला घेऊन आल्या, कारण पुढे कार्यक्रमात वेळ मिळणार नव्हता.

पडद्याआड सिस्टरांनी सुरेखाचं बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि मला डॉक्टरबाईंना बोलवायला पाठवलं. मी परत आले तेव्हा सुरेखा सिस्टरांचा हात धरून विनवत होती. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण हे आजच्या दिवस आईंना सांगू नका, म्हणत होती. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि ताबडतोब मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवायला सांगितलं. कधीही झटके येतील, आई आणि मूल दोघंही जातील, अशी अवस्था होती.

हिराबाई ऐकेनात. गरोदरपणात पाय सुजतातच, माझेही सुजले होते, ओटी भरून संध्याकाळी नेते, हा त्यांचा हेका. मला राग आला होता. सिस्टर मात्र त्यांच्यासमोर खाली बसल्या. आधी हिराबाईंनाच स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबायला लावला, मग सुनेच्या. सुनेच्या नडगीवर पडलेला खड्डा तसाच राहिला. हिराबाई त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. मग सिस्टर सुरेखाला म्हणाल्या, "माझ्याशी बोललीस ते मी कुणाला सांगणार नाही. तू सांग."

सुरेखाने सांगितलं. हिराबाईंचा तो मोठा आवाज एवढासा झाला. "मना का न्हाय सांगलंस गो?" सुरेखा म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेनं सगळं केलंत, आई."

गाडी येईपर्यंत थोडा वेळ होता. उजेडाने-आवाजाने झटका येऊ नये म्हणून सिस्टरांनी खिडकीला चादर लावली, सुरेखाला डाव्या कुशीवर निजवलं, इंजेक्शन दिलं आणि हिराबाईंना म्हणाल्या की ओटी मोडायची नाही, इथंच भरायची, फक्त आवाज करायचा नाही. त्या अंधाऱ्या खोलीत हिराबाईंनी सुनेच्या अंगावर हिरवी साडी पांघरली आणि नारळ-तांदळाने ओटी भरली. दाराशी जमलेल्या आळीतल्या बायका एरवी गाण्यांनी छप्पर उचलतात. त्या दिवशी एकीनेही तोंड उघडलं नाही. सिस्टर गाडीत बसून सुरेखाबरोबर मुंबईला गेल्या. दुसऱ्या दिवशी परतल्या त्या मुलगी झाल्याची बातमी घेऊन. मूल लहानखुरं होतं, पण दोघीही वाचल्या.

एक गोष्ट माझी स्वतःची. आमच्याकडे वॉर्ड एकच, त्यामुळे जिचं मूल गेलं तिलाही इतरांच्या बाळांचं रडणं ऐकत पडावं लागे. सिस्टर अशा बाईला ड्यूटीच्या खोलीतली स्वतःची खाट देत आणि आपण खुर्चीवर टेकत. काही वर्षांनी त्या खाटेवर मीही होते. माझे केस विंचरून सिस्टरांनी घट्ट वेणी घातली. माझ्या आईनंतर माझी वेणी कुणी घातली असेल तर त्यांनीच.

यंदा सिस्टर साठ वर्षांच्या झाल्या. अलीकडे जिना चढताना त्या मध्येच कठड्याला धरून थांबतात आणि विचारलं की ऊन लागलं म्हणतात, भले आभाळ भरून आलेलं असो. आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण त्यांना सांगायची हिंमत कुणाची? गेल्या महिन्यात हिराबाई स्वतःच्या बीपीच्या नेहमीच्या तपासणीला आल्या, बरोबर सुरेखा आणि आता शाळेत जाणारी नात. सिस्टरांनी पट्टा उचलला तर हिराबाई स्टुलावर बसेचनात. "आज पयलं तुजा बग. मंग माजा."

"हिराबाई, पेशंट तुम्ही आहात," सिस्टर म्हणाल्या.

नळ्या या वेळी माझ्या कानात होत्या. मी त्यांना नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं आणि पट्टा बांधला. पारा बराच वर होता. मी आकडा सांगितला तेव्हा सिस्टर उठायला लागल्या, तर हिराबाईंनी त्यांचा खांदा धरून खाली बसवलं. "पाच मिन्टा बोलाचा न्हाय, हलाचा न्हाय." सिस्टर खरोखरच गप्प बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना नुसतं बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

आता गोळी सुरू आहे. ती रोज घेतली जाते की नाही, यावर नवघरातून कडक लक्ष आहे. सिस्टर, आपल्याला निरोगी शंभर वर्षं लाभोत ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेवर काम भागत नाही, हे आपणच आम्हाला शिकवलंत. तेव्हा दर महिन्याला तपासणीला यावं. स्टूल रिकामं ठेवलंय. आधी आपलं बीपी, मग बाकीच्यांचं.