पोकलेनमधले निष्पाप उंदीर

चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाचा फार बोलबाला आहे. माझ्या धंद्यात मात्र खरा दरारा उंदराचा. मी जुन्या पोकलेनच्या वायरिंगचे बिघाड शोधून देतो, आणि माझ्या बहुतेक कामांचा शेवट एकाच वाक्यानं होतो: उंदरानं वायर खाल्ली.

उंदीर वायर खातो हे खोटं नाही. धानाच्या बांधावर मशीन उभी राहिली की तो यायचाच. पण मी असेही उंदीर पाहिलेत, ज्यांनी वायर पकडीनं सरळ कापली होती. एकानं फ्यूज काढून शेजारच्या मशीनला लावला होता. एकानं तर वायर कुरतडून झाल्यावर वरून काळी टेप गुंडाळली होती, तीही छान ताणून. मालकाला हे कळतं, ऑपरेटरला कळतं, मला तर कळतंच. पण पावसाळा तोंडावर आलेला असतो, दुसरा ऑपरेटर मिळत नाही, मग भांडून कोणाचं भलं होणार? उंदीर म्हटलं की सगळ्यांची अब्रू झाकली जाते. आमच्याकडची ही रीतच आहे.

आताच्या मशीनमध्ये इंजिनाचा एक कॉम्प्युटर असतो, हायड्रॉलिकचा दुसरा, समोरचा स्क्रीन वेगळा. ही मंडळी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून आपसात बोलत असतात. त्या वायरींत खोट आली की स्क्रीनवर 'कम्युनिकेशन एरर' येतो, इंजिन नुसतं गुरगुरतं आणि बकेट हवेत लटकून राहते. नव्या मशीनमध्ये हे लवकर सापडतं. जुन्या मशीनमध्ये तुमच्याआधी दहा मिस्त्री येऊन गेलेले असतात आणि प्रत्येकानं आपली अक्कल कुठेतरी टेपखाली गुंडाळून ठेवलेली असते. ती सोडवता सोडवता माझे केस पिकले.

मागच्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराचा फोन आला. त्यानं गडचांदूरकडच्या खाणीत राबलेली एक पोकलेन विकत घेतली होती. रंग नवाकोरा पिवळाधमक, आणि रंगाखाली चुनखडीची धूळ तशीच. गडचिरोलीकडच्या एका मालगुजारी तलावातला, म्हणजे जुन्या मालगुजारांनी सिंचनासाठी बांधलेल्या तलावातला, गाळ काढायचं काम त्याला मिळालं होतं आणि मशीन रोज दुपारी बंद पडत होती. मी पोचलो तेव्हा ठेकेदार मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. ऑपरेटर, पन्नाशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळून उन्हात उभा होता. त्याच्यादेखतच ठेकेदारानं मला काम समजावलं.

"बिघाड कोणता हाय ते मले नाई पाह्यजे. यानंच वायर कापली, एवढं तुमी सांगून द्या. आजच याले घरी धाडतो, आन् ठेकेदारांच्या ग्रुपवर याचा फोटो टाकतो. मंग पाहतो कोन ठेवते याले कामावर!"

"मी कायले कापू जी?" ऑपरेटर म्हणाला. "मशीन बंद तं मी बी बंद."

त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. त्या ग्रुपवर फोटो चढलेल्या माणसाला दोन्ही जिल्ह्यांत मशीनला हात लावू देत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं.

लॅपटॉप जोडला. इंजिनाचं म्हणणं, स्क्रीन बोलत नाही. स्क्रीनचं म्हणणं, इंजिन बोलत नाही. हायड्रॉलिक म्हणे, माझ्याशी तर कोणीच बोलत नाही. एकूण ग्रामसभेचाच प्रकार. मी एकेक कॉम्प्युटर सोडवून पाहिला, तरी बिघाड जागच्या जागी. मग मीटर लावून वायरींचा जुडगा हलवत हलवत मागे आलो, आणि ऑपरेटरच्या सीटमागे हात लागताच मीटरवरचा आकडा उडाला. तिथे त्या दोन वायरी सोलून कोणीतरी आणखी दोन वायरी नुसत्या पिळून जोडल्या होत्या. त्या जात होत्या एका छोट्या काळ्या डबीत. डबीत मोबाइलचं सिम होतं.

"ही कोणाची?" मी विचारलं.

ठेकेदार खुर्चीतून उठला आणि परत बसला. डबी त्याचीच होती. चंद्रपूरच्या एका दुकानदाराकडून त्यानं ती गुपचूप बसवून घेतली होती, म्हणजे घरबसल्या मशीन कधी चालते, कधी थांबते ते दिसावं. थांबली की तो लगेच ऑपरेटरला फोन करायचा. पाणी प्यायला थांबलं तरी फोन यायचा, आणि मालकाला कळतं कसं, हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं. दुपारी ऊन तापलं की टेप सरकायची, हादऱ्यानं उघड्या वायरी एकमेकींना चिकटायच्या आणि सगळ्या मशीनचं बोलणं बंद. मी डबी उपटली. स्क्रीन साफ झाला, इंजिनानं आवाज उचलला, बकेट वर आली.

मला अगदी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अशा वेळी मला गप्प राहता येत नाही. आमची आई म्हणायची, "याच्या जिभेले फ्यूजच नाई." मी मोठ्यानं सुरुवात केली, "भाऊ, वायर कोणी कापली नाही. तुमच्याच डबीनं..."

"उंदरानं टेप खाल्ली असन जी," ऑपरेटर मध्येच म्हणाला. "इथी लय उंदीर हायत."

टेपवर दाताची एकही खूण नव्हती. तलावाचा तळ भाजून निघाला होता, उंदीर तिथे आला असता तर त्याचाच पापड झाला असता. पण ठेकेदाराच्या जिवात जीव आला. "तेच तं मी म्हनून राह्यलो!" तो म्हणाला, आणि आवाज परत मिळताच ऑपरेटरकडे वळला. "तू कॅबिनमंधी डबा खातेस, म्हनून येते उंदीर. उद्यापासून भाहेर बसून खात जा."

"हो जी."

भाहेर म्हणजे तळाच्या उन्हात. मोहाखाली खुर्ची एकच होती.

"आन् ही डबी आता पक्की बसवून द्या," ठेकेदार मला म्हणाला.

माझं डोकं फिरलं. नाही बसवत, म्हणून मी हत्यारं पिशवीत कोंबायला लागलो. ऑपरेटर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बसवून द्या जी. तुमी तं आता गाडी काढून चालले जासान. मले उद्याही याच्याच मशीनवर बसाचं हाय."

मी पिशवी खाली ठेवली. सीटमागे अंधार होता, म्हणून त्यानं स्वतःच मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड बरोबर जोडावर धरला. त्याच्यावर पाळत ठेवणारी डबी मी सोल्डरचा पक्का डाग देऊन बसवत होतो, आणि त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता.